धबधब्यापाशी बोलणारे दामूजी

दामूजी गायकवाड रस्त्यात बोलायला लागले की शेजारपाजारचे लोक भांडण लागलं म्हणून दारात येत. भांडण नसायचंच. ते बिचारे आज उकाडा फार आहे एवढंच सांगत असायचे, पण अशा आवाजात, की पलीकडच्या गल्लीतही उकाड्याची बातमी पोचावी. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाच्या कानांचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग तो किती सोडायचा याचा अंदाज राहत नाही. चारचौघांत कोणी हसलं की त्यांच्या लक्षात यायचं आणि ते गप्प बसायचे. त्यामुळे बाहेरच्या जगात दामूजींची ख्याती अबोल माणूस अशी होती. मिलमधल्या कोणाला हे सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. दामूजींइतका बडबड्या माणूस आमच्या अख्ख्या मिलमध्ये नव्हता. फक्त ती बडबड कानांनी ऐकायची नव्हती.

मी त्या मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, होते. वडील तिथेच कारकून होते, नोकरीत असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी मला घेतलं. ऑफिसात बाई मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, द्यायचा एक कागद हातात देऊन मला साचेखात्यात पिटाळलं. साचेखातं म्हणजे कापड विणतात ती शेड. शेकडो माग एकदम चालू. दारातून पाय आत टाकला आणि वाटलं, आपल्या डोक्यावर कोणी पत्रे आपटतंय. मी जीव खाऊन ओरडले, "गायकवाड जॉबर कोण आहेत?" माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. पण दहा माग पलीकडे माझ्याकडे तोंड करून उभा असलेला एक ठेंगणा, खाकी चड्डीतला माणूस हात वर करून शांतपणे माझ्याकडे आला. कागद घेतला, वाचला, सही केली. मग मागे वळून नुसते ओठ हलवले, आणि पार टोकापर्यंत माणसं हसली. काय बोलले ते मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. "नई बाई आई है, डरो मत, काटती नहीं."

सगळेच विणकर असे बोलायचे. आवाज काढायचा नाही, तो वायाच जायचा. तोंड मोठं करून शब्द ओठांवर मांडायचे, आणि जिथे ओठ कमी पडतील तिथे भुवया, बोटं, मान. धागा तुटला, पाणी दे, सुपरवायझर येतोय इथपासून ते कोणाची मुलगी बघायला कोण आलं होतं इथपर्यंत सगळं त्या गोंगाटात आरामात चालायचं. दामूजी त्यातले उस्ताद. ते गोष्ट सांगायला लागले की चार-पाच माग सोडून उभी असलेली माणसंही काम करता करता त्यांच्या तोंडाकडे डोळा ठेवून असत. टाइम ऑफिसातल्या बाईला हे शिकायची काही गरज नव्हती. पण दिवसातून तीनदा खात्यात जाऊन येडपटासारखं उभं राहायचा मला कंटाळा आला. मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. जेवणाच्या सुटीत नळाजवळ उभं राहून त्यांनी शिकवलं. माझ्या तोंडातून चुकून आवाज निघाला की ते बोट वर करायचे. "आवाज सोडा सुधाताई, ओठ दाखवा." हे त्यांचं पालुपदच होतं. मी आईशी फोनवर जोरात बोलत असले तरी येता-जाता तेच ऐकवायचे.

दामूजींची बायको मी नोकरीला लागण्याआधीच गेली होती. मुलगी नागपूरला दिलेली. परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. घरी रेडिओ होता, पण तो शेजाऱ्यांसाठी लावल्यासारखा. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नसे. बायकोला त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ओठांचं बोलणं शिकवलं होतं. तिच्याशी स्वयंपाकघरात बसून तासन्‌तास बोलायचो, आणि तिच्या सासूला वाटायचं दोघांचं पटत नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. सांगताना हसत होते.

त्यांच्या वर्षाचा सण एकच, पातालपानीचा रविवार. राखी झाली की पुढचा एखादा रविवार ते ठरवायचे आणि शनिवारी खात्यातल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगायचे. सकाळच्या छोट्या लाईनच्या, म्हणजे मीटरगेजच्या, गाडीने महूच्या पुढे पातालपानी स्टेशनला उतरायचं. रुळांच्या बाजूने चालत धबधब्याच्या माथ्यावर यायचं, डावीकडच्या पायवाटेने खाली डोहापर्यंत उतरायचं, तिथे तास-दोन तास बसायचं. मग खालच्या अंगाला दगडांवरून ओढा ओलांडून पलीकडच्या सागाच्या जंगलातून चढायचं, मक्याच्या शेतांमधून एका वाडीला वळसा घालून पुन्हा स्टेशनावर. सगळा मिळून चार-पाच तासांचा फेरा. डोहापर्यंत जाऊन आल्या वाटेने परतणारे लोक दामूजींना अजिबात आवडत नसत. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत शिपाई होते, आणि गेल्या वाटेने परत यायचं नाही ही त्यांची शिस्त नातवाने देवाच्या नियमासारखी पाळली होती. एका वर्षी ओढ्याला पाणी जास्त होतं. आल्या वाटेने परत जाऊ म्हटल्यावर ते दीड तास दगडावर बसून राहिले. पाणी उतरलं तेव्हाच उठले, आणि आमची गाडी चुकली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईला सांगितलं होतं की ऑफिसची सहल आहे. बावीस विणकर आणि मी, हे तिला पचलं नसतं. वाटेत मला स्वतःलाच पश्चात्ताप व्हायला लागला होता, कारण सगळे जण सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खात मुकाट चालत होते. विणकर बाहेर असे मुकाटच. कोणाचाच आवाज धड लागत नाही हे सगळ्यांना माहीत. डोहाशी पोचलो. वरून पाणी पडतंय, पडतंय, आणि त्याचा तो आवाज. बाकीचे सहलीवाले एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोंबलत होते आणि "क्या? क्या?" करत होते. आणि आमची माणसं डोहाच्या दोन्ही काठांना दगडांवर पसरून बसली आणि बोलायला लागली. काय बोलत होती! या काठावरून त्या काठावर, मधल्या माणसाला ओलांडून, एकाच वेळी तीन तीन विषय. हातवारे, टाळ्या, शिव्या. एका दगडावर दोन जणांचं कडाक्याचं भांडण झालं आणि मिटलंही, शेजारी बसलेल्या नवरा-बायकोला पत्ता लागला नाही. मी इतकी वर्षं मिलमध्ये होते, पण ही माणसं माझ्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी बसली. त्या आवाजात बाकी जग बहिरं होतं आणि एवढीच माणसं धड होती.

तिथलीच एक हकिगत. एका वर्षी खात्याचे बडे अधिकारी आपल्या कुटुंबासकट अचानक त्याच दिवशी धबधब्यावर आले. आमची माणसं दिसली तेव्हा मोठ्या मनाने त्यांच्यातच येऊन बसले. सगळ्यांनी उठून नमस्कार केले, त्यांच्या मुलांना भुट्टे भाजून दिले. आणि पुढचा अर्धा तास हसऱ्या चेहऱ्याने, त्यांच्या चारही बाजूंनी, त्यांची अशी काही धुलाई केली की मला हसू दाबण्यासाठी ओढ्यात तोंड धुवावं लागलं. साहेब पण सगळे हसतात म्हणून हसत होते. शेवटी दामूजींनीच हात वर करून थांबवलं. "बस करो भिया. उसके बच्चे बैठे हैं." ते ओठांवरच बोलले, पण सगळे एकदम गप्प झाले. जाताना ते साहेबांच्या धाकट्या मुलाला उचलून ओढा पार करून देऊन आले.

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी. मग सूत आलं नाही, मग वीज कापली. पेपरात रोज छापून येत होतं की देशाचे दरवाजे उघडले, आणि आमचं फाटक बंद झालं. बाजारात नवी थंड पेयं, नवे टीव्ही, घराघरात केबल. आमच्याकडे लोक सकाळी डबा घेऊन फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि दुपारी तोच डबा तिथेच खाऊन घरी जायचे, बायकोला कसं सांगायचं म्हणून. दामूजी फाटकाशी कधी आले नाहीत. त्या वर्षी त्यांनी पातालपानीचा रविवार नेहमीपेक्षा आधी ठरवला. सोळा जण आले. पुढच्या वर्षी नऊ. कोणी टेम्पो चालवायला लागला, कोणी सांवेरला मेव्हण्याच्या शेतावर गेला, कोणी पिथमपूरच्या कारखान्यात लागला, तिथे रविवारी सुटी नसायची. दोघं-तिघं वारले. राहिलेल्यांना सहलीला जायचीच लाज वाटायची. घरी हात हलवत बसलेला माणूस मजा करायला कसा जाईल? दामूजी तरीही शनिवारी दारोदार फिरायचे. शेवटी शेवटी लोक त्यांना लांबून बघितलं की घरात जायचे.

याच काळात त्यांना एक नोकरी मिळाली, आणि ती कशी मिळाली हे त्यांनी मला डोहाशी बसून सांगितलं. एका नव्या मार्केटला चौकीदार हवा होता. मॅनेजरने भेटायला बोलावलं ते जनरेटरच्या खोलीशेजारी. लाईट गेलेली, जनरेटर धडधडतोय. मॅनेजरने नाव विचारलं. दामूजींचे कान तो आवाज ओळखीचा धरून बसले आणि आवाज आपोआप बंद झाला. नाव, गाव, किती वर्षं मिलमध्ये, सगळं त्यांनी नुसत्या ओठांनी सांगितलं. मॅनेजरने बाजूच्या माणसाला म्हटलं, "गूँगा है बेचारा. अच्छा है, दुकानदारों से बकबक नहीं करेगा." हे दामूजींनी त्याच्या ओठांवरून वाचलं. वाचलं, आणि काही बोलले नाहीत.

मी त्यांना विचारलं, मग दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं होतंत. ते म्हणाले, "काय सांगू सुधाताई? बोललो असतो तर त्याला वाटलं असतं याने फसवलं. आणि खरं सांगू, माझा आवाज ऐकून तरी कोण खूश होतं?" तेव्हापासून आठवड्याचे सहा दिवस, बारा बारा तास, ते मुके होते. दुकानदार त्यांना गूंगा चाचा म्हणायचे, चहा द्यायचे, त्यांच्यासमोर नको नको ते बोलायचे. दामूजी सगळं वाचायचे आणि कोणाला सांगायचे नाहीत. वर्षाचा हा एक रविवारच बोलायला उरला होता, आणि ऐकायला, म्हणजे बघायला, त्या वर्षी आम्ही तिघंच होतो. नंतरच्या वर्षी तर फक्त मी.

त्या वर्षी ते डोहाशी तीन तास बोलले. बायकोबद्दल, मुलीबद्दल, मिलमधल्या एकेका माणसाबद्दल. बोलताना घाई करत होते. मी मध्ये भुट्टा खायला खाली बघितलं तरी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायचे, कारण मी खाली बघितलं की त्यांचं बोलणं तुटायचं. खरं सांगते, मला कंटाळा आला. मान आखडली होती. एका माणसाच्या तोंडाकडे किती वेळ बघत बसायचं? स्टेशनावर परत येताना ते म्हणाले, पुढच्या वर्षीही याल ना. मी हो म्हटलं. ते आवाजाने म्हणाले होते, आणि फलाटावरच्या सगळ्यांनी वळून बघितलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी मी एका कॉम्प्युटर क्लासच्या ऑफिसात लागले. मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मुलाखतीतच तो म्हणाला होता की मिलवाले आपल्याला नकोत, युनियनबाजी करतात. मी अर्जात खाजगी कार्यालय असं लिहून मोकळी झाले होते. आई आजारी, घरात कमावणारी मी एकटी, आणि चाळिशीच्या बाईला कोण नोकरी देतं? ऑफिसातल्या पोरी मला सुधा मॅडम म्हणायच्या. त्यांच्यापैकी कोणाला माझ्या मिलचं माहीत नव्हतं.

राखीनंतरच्या एका शनिवारी दामूजी मल्हारगंजला आमच्या दारात आले. गल्लीतूनच ओठांनी विचारलं, उद्या सकाळची गाडी? नेमकी त्याच रविवारी क्लासची पिकनिक होती, मांडूला. मी खिडकीतून तसंच सांगितलं, आईची तब्येत बरी नाही, जमणार नाही. आई आतल्या खोलीत मजेत टीव्ही बघत होती. ते दोन पायऱ्या वर आले आणि म्हणाले, दवाखान्यात न्यायचं असेल तर मी येतो. मी नको म्हटलं. मग ते गेले.

यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, दुसऱ्याच दिवशी, त्या रविवारी; पण त्या रविवारनंतरचं आधी सांगून टाकते. त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची असं मी दर रविवारी ठरवायचे. दिवाळीनंतर गेले तेव्हा त्यांच्या खोल्यांत दुसरे भाडेकरू होते. मुलगी नागपूरला घेऊन गेली, इतकंच त्यांनी सांगितलं. पत्ता कोणाकडे नव्हता.

तर तो रविवार. आमची गाडी निघाली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला की मांडूच्या रस्त्यावर पाणी आहे. मालक म्हणाला, चलो पातालपानी, पास में है. मी काय बोलणार? मी मनाशी हिशेब केला की दामूजी एकटे कशाला येतील. आणि आलेच तरी आम्ही वरूनच बघून परत जाऊ.

पण पोरी खाली उतरल्या, त्यांच्याबरोबर मालक, आणि मालकामागून मी. पाणी भरपूर होतं. आम्ही डोहाच्या अलीकडच्या काठावर उभे राहिलो. पलीकडे, पंचवीस-तीस हातांवर, एका सपाट दगडावर दामूजी बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, शेजारी कागदावर सेव-परमल, दोन जणांना पुरेल इतकं. त्यांनी मला माझ्या आधी बघितलं असावं, कारण मी बघितलं तेव्हा ते उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला पाय मागे घ्यावासा वाटला. ओठ मोठे करून, सावकाश, त्यांनी विचारलं, "आई बरी आहे ना?"

आई बरी झाली आणि मी त्यांच्यासाठी धावत आले, असंच त्यांना वाटलं होतं. दुसरं काही त्यांच्या मनात आलंच नव्हतं. मग खालच्या दगडांकडे हात करून म्हणाले, तिकडून या, आज पाणी सोपं आहे, खूप सांगायचंय.

माझ्या शेजारच्या पोरीने माझ्या दंडाला धरलं आणि कानाशी येऊन ओरडली, "मॅडम, वो अंकल आपको कुछ बोल रहे हैं. पहचानती हो क्या?" मालकानेही वळून बघितलं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं नाही. धबधब्यात ऐकू जावं म्हणून तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "नहीं. पता नहीं कौन है. किसी और को बुला रहा होगा."

बोलून संपलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पलीकडे बघितलं. दामूजी माझ्या ओठांकडे बघत होते.

त्यांचा हात अजून खालच्या दगडांकडे होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला. रागाचं किंवा वाईट वाटल्याचं काहीसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. त्यांनी एकदा मालकाकडे बघितलं, पोरींकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना सगळं समजलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, जसं काही मागच्या कोणाशी बोलत होते, आणि दोन्ही हात जोडले. अनोळखी बाईशी बोलावं तसं, मला समजेल आणि दुसऱ्या कोणाला समजणार नाही असं, नुसत्या ओठांनी म्हणाले, "माफ करना बहनजी, पहचानने में गलती हो गई." त्यांनी कागदाची पुडी बांधली, पिशवी खांद्याला लावली आणि सागाच्या झाडांतली वाट चढायला लागले. झाडांत दिसेनासे होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगते.